दार काहून लावलं?

भंडाऱ्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा मी एकटी होते. एकट्या बाईने दार लावून राहावं, असं पुण्याहून निघताना सगळ्यांनी बजावलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीला पत्र्याचा कूलर बसवला, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावलं. तासाभरात खोलीची मोरी झाली. गादी ओलसर, अंग चिकट. मी कूलरला शिव्या घालत बसले.

तेवढ्यात घरमालकीणबाईंची थाप पडली. "अवो बाई, दार काहून लावलं? आतली हवा बाहेर गेल्याबिगर गार हवा कुठून येईन?" त्यांनी दार उघडलं आणि खोली खरंच गार झाली. मग ऊन उतरेपर्यंत त्या तिथेच बसल्या.

थंडीत मी कोळशाची शेगडी आत घेतली आणि ऊब जाऊ नये म्हणून पुन्हा दार लावलं. डोकं जड झालं, मळमळायला लागलं. पुन्हा थाप. "मराचं हाये का जी? शेगडी पेटवून दार काहून लावलं?" पुन्हा त्या बसल्या, हात शेकत.

मला संताप यायचा. या गावात ऊन असो की थंडी, माणसाला दार लावून बसायची सोय नाही!

आता पुण्यात एसी आहे. बसवणारा म्हणाला, "दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवा, मॅडम." ठेवते. खोली छान गार होते. दुपार सरते, संध्याकाळ होते. दार कोणी वाजवत नाही.