पहिलं पाणी टाकायचं असतं

सुमनताई गेल्याची तार म्युनिकहून आली तेव्हा मी स्टुटगार्टला, कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. तार त्यांच्या घरमालकिणीची, फ्राउ हूबरची. वाचून मला रडू आलं नाही, राग आला... आणि सहा आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही.

ताईंचा जन्म दार-एस-सलामचा. वडील तिथे रेल्वेत कारकून. मराठीइतकीच त्यांची स्वाहिलीही सफाईदार. म्युनिकच्या एकाच संस्थेत आम्ही डॉक्टरेट करत होतो, त्या वनस्पतिशास्त्रात, मी रसायनात. टांगानिकातल्या, म्हणजे ताईंच्या जन्मदेशातल्या गावांत कुठल्या आजारावर कुठलं झाड वापरतात, याचा अभ्यास संस्थेने हाती घेतला होता. आमचे प्रोफेसर तिकडे गेले ते फोटोपुरते. आठ महिने बायकांच्या चुलीपाशी बसल्या त्या ताई. बिबी म्वानाइशा नावाच्या म्हाताऱ्या वैदूबाईने त्यांना हगवणीवरची एक साल उकळून दाखवली होती. ताईंनी वहीत लिहून आणलं : पहिलं पाणी टाकायचं, दुसरंही टाकायचं, तिसरं प्यायचं.

प्रोफेसरांनी ती ओळ निळ्या पेन्सिलीने खोडली आणि समासात लिहिलं, ‘स्वयंपाकघर!’ म्हणजे हे काही शास्त्र नव्हे. तोच कागद माझ्या टेबलावर आला. मी साल एकदाच उकळली, काढा उंदरांना दिला, उंदीर मेले. अहवाल छापून आला : गावठी औषध विषारी. त्यावर तिसरं नाव माझं आहे. पुढे तिकडच्या अधिकाऱ्यांनी त्या सालीवर बंदी घातली. दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर, पोर हगवणीने सुकतंय, आणि गुन्हेगार कोण, तर चुलीवर भांडं ठेवणारी आई! चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी.

ताई छापील अहवाल घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “अरे, तुझी आई सुरण चिंचेच्या पाण्यात उकडते ना? ते पाणी पाजते का तुला?”

“ताई, कागदावर खोडलेलं होतं...”

“खोडलेलं वाचता येत होतं ना? मग मला विचारायचंस!”

त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी ताईंच्या पातेल्यात साल तीनदा उकळली. तिसऱ्या पाण्याने एकही उंदीर मेला नाही. ताईंनी मासिकासाठी दुरुस्तीचा कागद टाइप केला, खाली दोन सह्यांची जागा. प्रोफेसर म्हणाले, “हो, हो, बघू.” आणि मी म्हणालो, “ताई, पदवी हातात पडू दे, मग करतो.” पदवी पडली, नोकरी लागली, लग्न झालं. प्रोफेसरांचे सत्कार झाले. ताईंना संस्थेने वाळलेल्या झाडांना चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. दर नाताळात त्यांचं पत्र यायचं आणि शेवटी एकच शब्द : ‘सही?’ मी उत्तरात थंडीबद्दल लिहायचो. प्रोफेसरांवर मी कितीही तोंडसुख घेतलं, तरी त्यांनी माझा हात धरून ठेवला नव्हता.

तार आल्यावर तीन दिवसांनी त्यांच्या खोलीवर गेलो. फ्राउ हूबरने ताईंचं ते काळवंडलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं पुढे केलं. “तुमच्यासाठी ठेवलंय. तुम्ही उशिरा का होईना याल, असं त्या म्हणायच्या.” आत तोच दुरुस्तीचा कागद होता. ताईंच्या सहीची शाई फिकट झालेली, खाली माझं टाइप केलेलं नाव आणि त्यावर कोरी जागा. मी तिथेच, पातेल्यावर कागद धरून सही केली आणि मासिकाला पाठवला. परवा तो परत आला. विषय जुना झाला आहे म्हणे. तिकडे पोरांना हगवण लागायची थांबली की काय?

पातेलं आता आमच्या ओट्यावर असतं. बायकोने विचारलं, “अहो, घासून टाकू का?” मी नको म्हटलं. कागद पुन्हा त्यातच ठेवलाय. मासिकाने छापला नाही, म्हणून ताईंची ओळ मी इथे छापतो आहे, ज्यांनी ते झाड कधी पाहिलंही नाही अशा तुमच्यासमोर. पहिलं पाणी टाकायचं, दुसरंही टाकायचं, तिसरं प्यायचं. बिबी म्वानाइशाचं बरोबर होतं, चूक माझी होती. खाली माझी सही आहे.