भोंग्याची वायर

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, विभागात कुणाला नाही, देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्ही मध्ये बोलत नाही, एवढंच. आणि कृपा करून तो समजूतदार चेहरा करू नका. त्या चेहऱ्याचा मला आताशा राग येतो. समजून घेण्यासारखं ह्यात काहीएक नाही.

मी इंजिनिअरिंगचा प्राध्यापक. पुण्यातलं विद्यापीठ — कुठलं, ते कशाला हवंय? मूळचा कामथडीचा. शाळा नसरापूरला झाली. पुण्यात मी अगदी स्वच्छ 'नाही', 'कुठे', 'आम्ही' बोलतो. नसरापूर फाट्यावरून गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला लागली की तोंडात आपोआप 'न्हाई', 'कुठं', 'आमी' येतं. लोकांना वाटतं, एवढा शिकला तरी माणूस मातीला धरून आहे. मातीला धरून! असो.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी एक वाडी आहे. नाव सांगणार नाही. पंचवीस-तीस घरं, मागं डोंगर, पुढं भाताची खाचरं. डोंगराला भेगा गेलेल्या. दरड कधी खाली येईल, नेम नाही. पावसाळ्यात जोराची सर लागली की अख्खी वाडी, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, खाली रस्त्यालगतच्या शाळेत येऊन बसायची. वर्षानुवर्षं. कुणी सांगायला लागायचं नाही. हे लक्षात ठेवा — आम्ही जायच्या आधी ती माणसं स्वतःहून खाली यायची.

मग आम्ही गेलो. चार विभाग मिळून एक प्रोजेक्ट. विज्ञानवाले माती तपासणार. मी यंत्र बनवणार — उतारावर पुरलेले सेन्सर, वाडीच्या मध्ये एक खांब, खांबावर सोलर, बॅटरीची पेटी आणि भोंगा. माती सरकायला लागली की भोंगा वाजणार. मेडिकलवाले बघणार, माणसं घाबरतात किती, पळताना पडतात किती, झोपतात किती. आणि भाषा-शिक्षणाच्या बाई सगळ्या सूचना वाडीच्या बोलीत बसवून लहानथोरांना शिकवणार. चार विभाग एका टेबलाला! आमच्याकडे एका मजल्यावरची दोन माणसं एकमेकांचा चहा पीत नाहीत हो. वरच्यांनी आम्हाला डोक्यावर घेतलं.

बाईंचं काम सोनं होतं. पुस्तकी मराठीतली एक सूचना त्यांनी ठेवली नाही. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं — भोंगा वाजला, शाळंत चला. पोरं गुरं वळताना तेच ओरडायची. बाईंनी ते वाक्य माणसांच्या अंगात मुरवलं. पण माणूस एवढंच ऐकत नाही ना? माणूस त्याची दुसरी बाजूही स्वतःच ऐकतो. वाजला तर चला — मग नाही वाजला तर? ते भिंतीवर नव्हतं. ते वाडीनं स्वतःच धरून टाकलं. आम्ही — मी — धरू दिलं.

पहिल्या पावसाळ्यात भोंगा खोटा वाजला. एकदा भर दुपारी, माणसं जेवत्या ताटावरून उठून पळाली. मग परत. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. त्या धांदलीत डोंगराला लागून घर असलेल्या कोंडाबाईंचे मालक, नाना, बांधावरून घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. डोंगरावरचं ढेकूळसुद्धा हललेलं नव्हतं. रानडुकरांनी सेन्सर उकरले होते, बस! कोंडाबाईंच्या मारुतीनं, म्हणजे त्यांच्या थोरल्यानं, मला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. तुमच्या त्या भोंग्यापायी माझा बाप जन्माचा अधू झाला, म्हणाला. मी मान खाली घातली. पण खरं सांगू? मला नानांचं वाईट वाटत नव्हतं. मला मारुतीचा राग आला होता. पुढच्या आठवड्यात वरून कमिटी येणार होती आणि हा माणूस त्यांच्यासमोर असंच तोंड सोडणार, ही धास्ती होती. बघा — माणूस कसा असतो.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून तर हा एवढा पसारा मांडला. बरं — ऐका.

कमिटीच्या आदल्या सकाळी मी एकटा वर गेलो. पेटी उघडली. भोंग्याची वायर काढली, टोकाला टेप गुंडाळली आणि पेटीला कुलूप लावलं. दोन मिनिटांचं काम. कमिटीसमोर खोटा वाजायला नको, ती गेली की परत जोडू, असं ठरवलं होतं. ठरवलं होतं — ह्या शब्दाची मला आता शिसारी येते.

पेटीवर एक हिरवी बत्ती आहे. बॅटरीत चार्जिंग आहे, एवढंच ती सांगते. भोंग्याचा आणि तिचा काही संबंध नाही. कमिटीनं खांबाखाली उभं राहून फोटो काढले, पिठलं-भाकरी खाल्ली, हिरव्या बत्तीकडं बघून माना डोलवल्या. वाडीनंही बघितलं. बत्ती जळतीया म्हंजी यंत्र जागं हाय, असं मारुतीच त्यांना समजावून सांगत होता. मी शेजारी उभा होतो. मी त्याला थांबवलं का? नाही थांबवलं.

मग वायर का जोडली नाही? जोडली की परत खोटा वाजणार. परत कुणीतरी पडणार, परत माझी लाज निघणार. आणि एकदा गप्प बसवलेला भोंगा, अहो, किती गुणाचा असतो! पुढच्या पावसाळ्यात एकही खोटा इशारा नाही — माझ्या पेपरात हे वाक्य आहे, छापलेलं आहे. तोंड बांधलेलं कुत्रं चोर नसताना भुंकत नाही, ह्यात कसलं आलंय संशोधन? पण कुणी विचारलं नाही. मेडिकलवाल्यांनी लिहिलं, वाडीची झोप सुधारली. सुधारलीच होती! माणसं आता शाळेत येत नव्हती, घरात निजत होती. बाईंनी लिहिलं, बोलीतून दिलेल्या सूचनेवर लोकांचा विश्वास बसतो. बसलाच होता. विज्ञानवाल्यांचंही काहीतरी आलं. सगळ्यांचं खरं होतं. आणि ते सगळं माझ्या त्या टेप गुंडाळलेल्या टोकावर उभं होतं.

ह्यापेक्षा वाईट पुढं आहे.

त्याच पावसाळ्यात वाडीच्या वरच्या अंगाला डोंगराचा एक तुकडा सुटला. कोंडाबाईंच्या घरामागून गेला, त्यांचा गोठा घेऊन गेला. म्हैस चरायला सोडली होती म्हणून वाचली. माणूस कुणी गेलं नाही. मी धावत वर गेलो. वाटलं होतं, आता लोक माझा जीव घेणार — वाटलं होतं की घ्यावा, सुटेन एकदाचा. आणि कोंडाबाई मला काय म्हणाल्या असतील?

"मास्तर, भोंगा वाजला न्हाई, म्हंजी घरास्नी धोका नव्हताच. गोठ्यापुरतंच व्हतं. यंत्राला बराबर कळतंय बगा."

मी तिथंच एका दगडावर बसलो. चढून दमला असाल, म्हणत त्यांनी गूळ-पाणी दिलं.

कळलं होतं हो यंत्राला! मी परत येऊन कॉम्प्युटरवर सेन्सरची नोंद बघितली. गोठा जायच्या आधी चांगला तासभर रेघ वर चढत गेली होती. त्या दिवशी भोंगा वाजायला हवा होता, आणि वाजला असता. माझं यंत्र उभ्या आयुष्यात एकदाच खरं बोललं, तेव्हा मीच त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं. त्या दरडीत सेन्सरही गेले. उरलेले हळूहळू मेले. कॉम्प्युटरवर आता सपाट रेघ येते. सपाट म्हणजे हालचाल नाही. हालचाल नाही म्हणजे डोंगर स्थिर, असं मी अहवालात लिहिलं.

तुम्हाला वाटत असेल, इथंच संपलं. संपलं असतं तर मी कशाला तुमचा वेळ खाल्ला असता?

गोठा गेला म्हटल्यावर सरकारी माणसं हलली. तलाठी भाऊसाहेब आले, त्यांचे वरचे साहेब आले. वाडी उचलून खाली रस्त्याकडेच्या सपाटीला न्यायची, असं चाललं होतं. शाळेच्या पडवीत बैठक बसली. म्हातारी माणसं नको म्हणत होती — खाचरं लांब पडतील, गुरांचं काय? तरण्यांना जायचं होतं. मारुतीला तर फारच जायचं होतं. लग्न ठरलेलं, बाप अंथरुणात. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. विद्यापीठाचं काय म्हणणं आहे, सर? मी काही बोलायच्या आत मारुती उठून उभा राहिला. ज्यानं मला वर्षापूर्वी फाडून खाल्लं होतं, तोच. हात जोडून म्हणाला, "सर, तुमी आमच्यातलं. तुमी सांगाल ते खरं. हितंच ऱ्हायचं का खाली जायाचं?"

आमच्यातलं. ऐकलंत? विद्यापीठातला म्हणून नाही विचारलं त्यानं.

काय सांगायला हवं होतं, ते तुम्हाला कळतं, मला कळत होतं, शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. माझा पेपर तेव्हा तपासायला गेलेला होता. पदोन्नतीची मुलाखत तोंडावर होती. मी म्हणालो — "यंत्र चालू हाय."

'हाय' म्हणालो. मुद्दाम. 'आहे' म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी एवढं मानलं नसतं.

साहेबांनाही तेच हवं होतं, त्यांचं काम वाचलं. बैठक उठली. वाडी जागची हलली नाही. मारुतीनं पुढच्या वर्षी मागच्या बाजूला, गोठा होता तिथं, एक खोली काढली. नाना त्याच खोलीत गेले — दरडीनं नाही, दुखण्यानं. त्यांच्या मयतीला मी गेलो होतो. लोकांनी मला पुढं बसवलं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी विभागप्रमुख झालो. दुसऱ्या वाड्यांवर हेच यंत्र बसवायचा प्रस्ताव माझ्या सहीनं गेलाय. थू! तुम्ही करत नाही, म्हणून मीच करतो.

गेल्या महिन्यात मारुतीचा फोन आला. हिरवी बत्ती गेलीया, आय म्हणतीया पाऊस लागायच्या आत बघाय पायजे. आयतं दार उघडलं होतं की नाही? नुसतं म्हणायचं होतं — मारुती, यंत्र मेलं, जुनं झालं, ह्यावर विसंबू नका, पावसात खाली शाळेत येत जा. सगळं खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती! आणखी एक खोटं बोलून त्यांचा जीव वाचवता आला असता. तेवढंसुद्धा माझ्याच्यानं झालं नाही. मेलं म्हटलं की कधी मेलं, असं विचारतील. एवढ्या एका प्रश्नाला मी घाबरलो.

मी नवी बॅटरी घेतली, गाडीत टाकली आणि गेलो. पेटी उघडली. टेप अजून तशीच होती, जरा काळी पडलेली. जोडून तरी काय होणार होतं? डोंगरात सेन्सरच नाहीत. तिथं आता एकच गोष्ट वाजू शकत होती — माझं तोंड. कोंडाबाई मागं उभ्या होत्या. झालं का नीट मास्तर, म्हणाल्या. झालं मावशी, म्हणालो.

चहाला घरात नेलं. मारुतीची बायको बाळंतीण आहे. पहिली मुलगी, आता मुलगा झालाय. पुढच्या घरात वारं फार येतं, लेकराला सर्दी होते, म्हणून पाळणा मागच्या खोलीत बांधलाय. त्या खोलीची भिंत डोंगराला लागून आहे. भिंतीला ओल आली होती, आणि ओलीत खालून वर गेलेली एक बारीक भेग. मी इंजिनिअर आहे. भेग कशाची, ते मला बघताक्षणी कळतं. कोंडाबाईंनी पोराला उचलून माझ्या मांडीवर दिलं. मी त्याच्या टाळूवरून हात फिरवला, चहा प्यायलो आणि नसरापूरमार्गे पुण्याला आलो.

परवापासून वेल्ह्याकडं पाऊस थांबलेला नाही. मारुतीचा नंबर ह्या फोनमध्ये आहे, आणि मी हे सगळं तुम्हाला सांगत बसलोय.