चैती कुठे थांबते

आमच्या उज्ज्वलाबाईंकडे एक वही आहे. हजेरीची नव्हे, टाचणाचीही नव्हे. कुठलं मूल वाचताना कुठे थांबलं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. बाई जव्हारच्या, वडील कचेरीत कारकून होते. सोळा वर्षं झाली, वांगणीपलीकडच्या आमच्या पाड्यावर शिकवतायत आणि अजूनही मूल अडलं की त्यांचे डोळे चमकतात. शाळेत शिक्षक आम्ही दोघंच. मूल अडलं की मी ओरडतो. ओरडल्यामुळे कुणी वाचायला लागल्याचं मला आठवत नाही, पण जित्याची खोड!

दिवाळी संपली की पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर निघतात. यंदा सुकऱ्या आपल्या तिसरीतल्या चैतीलाही न्यायच्या बेतात होता, धाकट्याला सांभाळायला.

"तिला खरंच वाचता येत असला तर ठेवतो आजीकडं," तो म्हणाला. "पन मला कसा कलंल? हरेश चार वर्सां घडाघडा वाचीत होता. मोखाड्याला नेला, तर यष्टीची पाटी वाचता नाय आली."

हरेश त्याचा थोरला. सगळं पुस्तक त्याला पाठ होतं, अक्षर एक येत नव्हतं, आणि त्याला पास मीच केलं होतं.

चैती वाचायची बरी, पण मध्येच गप्प व्हायची. मी शेरा मारून मोकळा झालो होतो, 'अडखळते'. बाईंनी वही पुढे केली. "हरिभाऊ, सहा वेळा थांबली. सहाही वेळा 'वाघ' ह्याच शब्दावर."

"अक्षरं कच्ची असतील."

"'वारा' वाचते, 'घागर' वाचते. मग वाघानं काय घोडं मारलंय?"

मी म्हटलं, तिलाच विचारा. बाई म्हणाल्या, विचारलं तर ती मिटून जाईल. शाळा सुटल्यावर त्या चैतीबरोबर तिच्या घरच्या वाटेला लागल्या. मला चहा प्यायचा होता, पण मीही गेलो. त्या वहीचा नाद एव्हाना मलाही लागला होता.

वाटेत झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, त्यावर वाघ कोरलेला. चैतीने चप्पल काढली, हात जोडले.

"हा कोण गं?" बाईंनी विचारलं.

"मोठा देव."

घरी तिची आजी बायडी नाचणी पाखडत होती. तिने उलगडा केला. त्यांच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. "नाव घेतला का तो येतो, बाई. पोरीचा बाप दिसभर रानात असतो!"

परतताना बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सुकऱ्या तिचं वाचन ऐकायला येणार होता. मी म्हटलं, उद्या त्याच्यासमोर वाघ नसलेला धडा द्या, म्हणजे भानगड नको. बाई नुसत्या हसल्या. मला त्या हसण्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सुकऱ्या गाठोडं बांधूनच आला. मागे बायडी. बाईंनी कुणीच न उघडलेलं नवं कोरं गोष्टींचं पुस्तक त्याच्या हातात दिलं. "पान तुम्हीच काढा, दादा."

त्याने अंगठ्याने एक पान काढलं. चित्र नव्हतं. चैती बोट ठेवून वाचू लागली. नदी, बैल, गुराखी, संध्याकाळ. आणि थांबली. गेली पोर भट्टीवर!

"का गं?" सुकऱ्याने विचारलं. ती बोलेना. बोट शब्दावरच होतं. त्याने पुस्तक माझ्याकडे वळवलं. "गुरुजी, हितं काय लिवलाय?"

वर्गात दिवसाला दहादा मी तो शब्द उच्चारतो. पण त्या घरातली तीन माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मोठा देव," मी म्हणालो.

सुकऱ्याने हात कपाळाला लावला. मग पोरीकडे असं बघितलं, जणू ती आजच दिसली. "मंजे तिला दिसला तो. पाठ केलेला असता तर तोंडातून निघून गेला असता."

त्याने गाठोडं सोडलं, चैतीची थाळी काढली आणि बायडीच्या हातात दिली.