सुनीताच्या आईचे नाक

कात्रणे जपणाऱ्यांकडे किस्सेही साठतात, असा माझा अनुभव आहे. कारण एकच: टाकून देववत नाही. दर रविवारी दुपारी लोणखेड्याला माझ्या घरी आम्ही तिघी जुनी मासिके, लग्नपत्रिका, बियाण्यांची पाकिटे कापून कोलाज करतो. मी कॉलेजात कलेतिहास शिकवत असे. रेखाकाकू कळसाडीच्या बागायतदार घरातल्या. सुनीता मोलगीच्या वरच्या पाड्यावरची, पावरा, शहाद्यात शिक्षिका. चित्रे मोजकीच झाली, किस्से बरेच.

*

काकूंनी पिशवीभर लग्नपत्रिका आणल्या आणि प्रत्येकीवरचा गणपती वगळून कापू लागल्या.

"कागद तो कागद," मी म्हटले.

"देवले कैची कशी लावू? मन्हा हातच नही चालत!"

माध्यमाच्या तटस्थतेवर मी बरेच बोलले. बोलता बोलता एक पत्रिका कापलीही.

काकू वाकून पाहत होत्या. "मॅडम, तुम्हीबी वळसाच घाली ऱ्हायनात!"

आता माझ्याकडे बिस्किटांचा एक डबा नुसत्या गणपतींनी भरला आहे. त्यांचे करायचे काय, हा प्रश्न खुला आहे.

*

बियाण्यांच्या पाकिटांवरचे टपोरी कापूस-बोंडे कापून काकूंनी आपले शेत तयार केले. त्यांना न्यायला आलेले यजमान, आप्पा, चित्रासमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"इतला कापूस आपला वावरमा कवय व्हयना?"

"नही व्हयना, म्हणीसन तर कागदवर कया!"

कलेच्या प्रयोजनाची याहून नेमकी व्याख्या मला वर्गात कधी देता आली नव्हती.

*

सुनीताची आई ती तीन वर्षांची असताना गेली. फोटो एकही नाही. चेहरा आठवणारे आता फक्त वडील, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्यांना दिसते आहे तोवर आईचा चेहरा जुळवायचा आणि "हीच ती" असे त्यांच्या तोंडून ऐकायचे, एवढेच तिला हवे होते. वर्णन म्हणून वडिलांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: नाक बसके, कपाळ रुंद.

साधर्म्य हा कोलाजचा हेतू नव्हे, शिवाय दोन खुणांवरून चेहरा सिद्ध होत नाही, असे मी तिला सविस्तर समजावले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"बरोबर आहे, मॅडम. तुमच्याकडे बसकं नाक आहे का?"

*

चार रविवार आम्ही नाक शोधत होतो. मासिकांचा गठ्ठा संपवून काकू वैतागल्या.

"या सगळ्या बायास्ले एकच नाक शे का वं?"

अखेर ते शेतीच्या एका मासिकात सापडले. मिरचीचे विक्रमी उत्पन्न घेणाऱ्या एका गृहस्थाचे! मिशी कापून टाकावी लागली.

*

रंगाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. आईच्या कातडीचा रंग आम्ही सुनीताच्या हातावरून धरला, पण एवढ्या गुळगुळीत पानांत तो कुठेच नव्हता. तो मिळाला एका सरकारी खाकी पाकिटात. अडचण अशी की कपाळाच्या बरोबर मध्यभागी कार्यालयाचा जांभळा शिक्का येत होता. दुसरे पाकीट शोधू, असे मी सुचवले.

"असू दे," सुनीता म्हणाली. "आईच्या नावावर सरकारी शिक्क्याचा एकही कागद नव्हता."

*

केसांसाठी काकूंनी वर्तमानपत्राच्या करड्या पट्ट्या पुढे केल्या. "माय शे. पांढरा केस तर पाहिजेच." डोळ्यांखाली सुनीताने बारीक सुरकुत्या चिकटवल्या. रचना समतोल वाटली म्हणून मीही हरकत घेतली नाही.

मोलगीच्या बाजाराच्या दिवशी सुनीता आणि मी जीपने वर गेलो. वडील मिठाची पिशवी खांद्यावर टाकून आले. सुनीताने चित्र त्यांच्या हातात दिले आणि स्वतः बाजूला तोंड करून उभी राहिली.

त्यांनी ते उन्हाकडे तिरपे धरले. अगदी डोळ्यांजवळ नेले. मग नाकावरून अंगठा फिरवला आणि पावरीत दोन-तीन वाक्ये बोलले.

"काय म्हणाले?" मी विचारले.

"म्हणतात, नाक तिचंच आहे," ती म्हणाली. "पण आई एवढी मोठी कधी झालीच नाही. गेली तेव्हा आजच्या माझ्यापेक्षा लहान होती."