आत्याबाईंचा जुना डबा

चिमूटभर पीठ बोटांत चोळलं की ते ताजं की जुनं, हे आमच्या आत्याबाई डोळे मिटून सांगायच्या. सासऱ्यांची ही थोरली बहीण. नवरा गेल्यावर घाटनांदूरला माहेरी आली आणि कोठीघराची मालकीण होऊन बसली. गावाला त्यांचं फार कौतुक होतं. मला कधीच वाटलं नाही.

लग्न होऊन मी आले तशी त्यांनी मला भाकरीला बसवलं. पीठ त्या स्वतः काढून देत. माझी भाकरी परातीतच चिरायची, तव्यावर टाकताना मोडायची. मग दारात उभ्या राहून जेवणाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "आईनं काय शिकीवलं म्हनावं हिला? हातालाच गुन न्हाई." सगळे हसत. नवराही हसे. मी चुलीपुढे मान खाली घालून रडायचे आणि मनातल्या मनात माझ्या आईवरच चिडायचे.

एकदा त्या युसूफ वडगावला लग्नाला गेल्या आणि कोठीची किल्ली माझ्याकडे आली. आत ज्वारीच्या पिठाचे दोन डबे होते. एकातलं नुकतंच दळलेलं. त्याची भाकरी टम्म फुगली. दुसऱ्यातलं कडवट वासाचं. पीठ असं पडून राहिलं की त्याची विरी जाते, कितीही मळलं तरी ते धरत नाही. मला रोज त्याच डब्यातलं मिळत होतं.

त्या परतल्यावर मी तोंडावर विचारलं, "आत्याबाई, तुमी मला मुद्दाम जुनं पीठ देत होता?"

त्या जराही ओशाळल्या नाहीत. "मंग? ताज्या पिठाची कुनीबी करतंय. मलाबी सासूनं असंच दिलतं. मी कवा इचारलं न्हाई, कावून म्हनून."

लोक म्हणतात, मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. राग आला, तो अजून आहे.

गेल्या वर्षी माझी सून घरात आली. आत्याबाईंना तेव्हा धड दिसत नव्हतं. तरी चाचपडत कोठीत गेल्या, बोटांनी पीठ चोळून पाहिलं आणि नेमका जुना डबा तिच्यापुढे ठेवला. पाहुणे पानावर बसलेले. मी तो डबा उचलला, अंगणात नेला आणि सगळं पीठ म्हशीपुढच्या घमेल्यात ओतलं. तिथूनच ओरडले, "पोरी, ताजा डबा घे! जुनं म्हस खाईल आता."

"सुनंला बिघडीवलीस," आत्याबाई म्हणाल्या. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली नाही. सुनेच्या हातची मात्र दुधात कुस्करून, मागून मागून खायच्या. गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही.

परवा गिरणीतून दळण आलं. डब्यात भरण्याआधी मी चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं.

"आत्याबाई अश्शाच करायच्या," सून हसून म्हणाली.

मी हात पदराला खसाखसा पुसला.