शेवटच्या शब्दाची वाट

साठच्या दशकात दुबईत मी बोटींच्या एका एजंटाकडे कारकून होतो आणि तिथल्या देरा भागातल्या तंदूरवाल्याची एकुलती एक मुलगी मला आवडली होती. कुटुंब उझबेक. बुखारा सोडून काबूल, कराची करत इथं आलेलं. बापाला हिंदी यायची, आईला फक्त उझबेक. मी मागणीचं बोलल्यावर बाप हसला. "लड़की उसकी माँ देगी, हबीबी. उससे उसी की ज़बान में बात करो."

मग भट्टीपाशी तोच शिकवू लागला. मला वाटलं, नाकी नऊ येणार. साहेबाच्या इंग्रजीत क्रियापद मध्येच घुसतं, त्यानं आधीच छळलं होतं. पण इथं ‘मेन नोन येयमन’, मी रोटी खातो. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, थेट आमच्या रत्नागिरीच्या घरातल्यासारखं! ‘कत्ता उय’ मोठं घर, ‘उयदा’ घरात. शब्द परके, मांडणी आपली. फार गोड वाटली मला ती भाषा. भाषा गोड की मुलगी, असं मित्र चिडवायचे.

एका शुक्रवारी नमाजानंतर त्यांच्या घरी गेलो. आमच्यात मुलगा स्वतः मागणी घालत नाही, पण वडीलधारे समुद्रापलीकडे. घोकलेलं वाक्य न अडखळता म्हटलं. आईनं मला निरखलं. "किझिम्नी सेंगा..." माझी मुलगी, तुला... देते की देत नाही, ते शेवटच्या शब्दात. आणि बाई गप्पच झाली. डोळे भरून आलेले. समोरची गोल रोटी तिनं दोन्ही हातांनी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे ठेवली.

खलास, मला वाटलं. नकार तोंडावर द्यायचा नाही म्हणून पाहुणचार. मी उठून चपला घालू लागलो. दाराआड मुलगी हसत होती, बापानं कपाळावर हात मारला.

"अरे बैठो! हमारे यहाँ रोटी तोड़ी, मतलब लड़की दी. मुँह से बोला नहीं जाता उससे."

मी परत बसलो. उरलेली अर्धी आईनं मुलीच्या हातात दिली. आईच्या स्वतःकडे काहीच उरलं नाही, आणि मला एकदम भरून आलं. माझ्या अर्ध्यातला तुकडा मोडून मी तिला दिला आणि घरच्या आईला म्हणतो तसं ‘आये’ म्हणालो. तेवढं मात्र उझबेकमध्ये सुचलं नाही.