पुऱ्या माणसाची रेघ

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. तेव्हा तेवीस घरं होती आणि त्यांतल्या सतरा घरांतले पुरुष मुंबईला. माझे वडीलही गिरणीत होते; गणपतीला आणि शिमग्याला यायचे. एरवी घरात आई आणि मी. चौथ्या वर्षी मला ताप आला आणि त्या तापात उजवा पाय गेला. म्हणजे पाय राहिला, पण मांडीपासून बारीक आणि डाव्यापेक्षा अडीच इंच आखूड. महाडच्या एका सुताराने केलेली काठी घेऊन मी चालायची. घरापासून ओढ्यापर्यंत आईला दोनशे दहा पावलं पुरत, मला तीनशे चाळीस लागत. मोजायची सवय बहुधा तिथूनच लागली. पावलं मोजत राहिलं की लोक बघताहेत हे विसरायला होतं.

मी एकोणीस वर्षांची होते त्या वर्षीच्या भातलावणीची ही गोष्ट. लावणीला आमच्याकडे मजूर लावत नसत, दिवसाला दिवस देत. आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. ज्या घराने जितके दिवस दिले तितके त्याला परत मिळायचे. हे लक्षात ठेवण्याचं काम माझ्या थोरल्या चुलत्यांकडे होतं. त्यांच्या पडवीच्या भिंतीवर प्रत्येक घराच्या नावाने कोळशाने ओढलेल्या रेघा असत. धडधाकट माणसाच्या दिवसाची पुरी रेघ, पोराटोरांची अर्धी.

माझी अर्धी होती. दहाव्या वर्षी अर्धी, एकोणिसाव्या वर्षीही अर्धीच. माझ्या बरोबरीच्या मुली सासरी गेल्या, त्यांच्या मांडीवर मुलं आली, आणि मी अजून पोरांच्या रांगेत.

कारण उघड होतं. लावणी वाकून, मागे सरकत करायची असते. माझा पाय चिखलात रुतला की निघत नसे. म्हणून मी आवण उपटायची, म्हणजे भाताची रोपं. वाफ्यात लाकडी पाटावर बसायचं, रोपं मुळांसकट उपटायची, मुळं पायावर आपटून माती झाडायची आणि मूठ बांधून मागे टाकायची. बाकीच्या बायका हे सकाळी करत आणि दुपारी खाचरात उतरत. मी संध्याकाळपर्यंत तेच करायची.

वाफ्यात माझ्या शेजारी बसायची आमची शेजारीण, तिला मी काकू म्हणायची. पन्नाशीची विधवा, मुलगा मुंबईत, दोन खाचरं, आणि छातीत दमा. सकाळी ओढ्याला गुडघाभर पाणी असलं की ती मला पाठीवर घेऊन पलीकडे न्यायची.

"धर गो घट्ट," म्हणायची. "वाहून गेलीस तर तुझी आई माझ्या नावानं शिमगा करंल."

पलीकडे मला उतरवलं की ती दगडावर बसून श्वास घ्यायची. मी काठी टेकत पुढे जायची.

त्या वर्षी मी मनाशी ठरवलं की आपली रेघ पुरी करून घ्यायची. चार दिवस सगळ्यांच्या मुठी मोजल्या. फक्त सकाळच्या, कारण तेवढा वेळ सगळ्या जणी तेच काम करत. चौथ्या संध्याकाळी बायका पडवीत चहाला बसल्या असताना मी चुलत्यांना म्हटलं, "काका, माझी पुरी ओढा."

"अर्ध्या कामाची पुरी कशी ओढू गो?"

"माझं काम अर्धं नाही. मोजलंय मी."

हसू फुटलं. मी आकडे सांगितले. माझ्या सकाळच्या मुठी शहाण्णव. माझ्या खालोखाल ब्याऐंशी, मग अठ्ठ्याहत्तर, मग सत्तर. दुपारनंतरच्या माझ्या वेगळ्या, आणि त्या होत्या म्हणूनच बाकीच्यांना खाचरात उतरायला मिळत होतं.

"लंगडीनं धावत्यांना गाठलं गो बाय!" एकजण म्हणाली.

"हिच्यासमोर जेवायला बसू नका," दुसरी म्हणाली. "उद्या आपले घासबी मोजंल."

चुलते हसले नाहीत. ते न्यायाने चालणारे होते, आणि माझं म्हणणं त्यांना पटलेलं दिसत होतं. त्यांनी विचारलं, "नि हिच्या किती?" त्यांनी काकूकडे बोट केलं होतं. तिचा आकडा मी सांगितला नव्हता.

साठेक म्हटलं असतं तर तपासायला कोणी जाणार नव्हतं. आईने माझ्या दंडाला धरलंही होतं. पण आकडा बदलून सांगणं मला येत नव्हतं आणि त्याचा मला गर्व होता.

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

चुलत्यांनी कोळसा घेतला, माझी अर्धी रेघ खाली ओढून पुरी केली. मग काकूच्या रेघांकडे वळले आणि त्या दिवसाची रेघ अंगठ्याने निम्मी पुसली. "मुठीवर ओढायची तर सगळ्यांचीच मुठीवर ओढायला हवी," ते म्हणाले.

काकू कप खाली ठेवून म्हणाली, "असूं दे. पोरीनं खोटं नाय सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याला पाणी होतं. तिने नेहमीसारखी पाठ वाकवली आणि मी बसले. मला उतरवून ती दगडावर टेकली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तिच्या मुठी कुठे कमी पडत होत्या. माझ्या मोजणीत ही सकाळ नव्हतीच. तरी मी तोंड उघडलं नाही. माझी पुरी रेघ जेमतेम एका दिवसाची होती आणि ती मला हवी होती.

पाच दिवसांनी मी चुलत्यांकडे गेले. "काका, काकूची पुरी करा. हवं तर माझी अर्धी करा."

"भाजी हाय का ती, हिच्या पानातली तिच्या पानात वाढायला? आकडा तूच दिलास, नि आकडा खोटा नाय."

ओढ्याचं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ते तिचं नि तुझं. त्यात गावाचं काय?"

काकूच्या दोन खाचरांना एका माणसाचे आठ दिवस लागत. तिला साडेपाच मिळाले. उरलेलं ती एकटी लावायला लागली. मी बांधावर जाऊन म्हटलं, "काकू, माझा एक दिवस घे. पुरा."

तिने कंबर सरळ केली. रागावली नव्हती. "आवण काय, मी सकाळचं उपटते गो. मला लावणारी बाय पाहिजे. तुला चिखलात उतरवली तर तुलाच काढत बसंन."

मी बांधावर बसून तिच्याकडे मुठी फेकत राहिले. अडीच दिवसांचं काम तिला अकरा दिवस पुरलं, कारण मध्ये दोनदा दम्याने ती झोपून होती. तोवर वाफ्यातलं रोप जून होऊन पिवळं पडलं होतं. दसऱ्यानंतर खालच्या खाचरात भात विरळ उभं राहिलं. पुढच्या वर्षी मुठीवरच रेघ धरायची असं गावात ठरून गेलं आणि आणखी तिघी अर्ध्या झाल्या. दोन म्हाताऱ्या आणि एक सात महिन्यांची गरोदर.

आता मी बिरवाडीत असते. दोन खोल्या कारखान्यातल्या कामगारांना दिल्या आहेत. पाळीवरून आल्यावर कोणी किती केलं यावरून त्यांची भांडणं होतात, मला मध्ये बोलावतात. मी जात नाही.

काकूने त्या लावणीनंतरच्या वैशाखात खाचरं चुलत्यांना अर्ध्या वाट्याने दिली आणि ती मुलाकडे मुंबईला निघाली. एसटी खालच्या रस्त्यावर थांबायची. आई पोहोचवायला निघाली तेव्हा मला म्हणाली, "चल, तुझी वाट बघतेय ती." मी म्हटलं, आज पाय दुखतोय, एवढं उतरवणार नाही. आईने लगेच मानलं, आणि काकूनेही मानलं असेल. पाय दुखत नव्हता.